चिंचेनं घासलेली सुरी

खोली बघायला गेलो त्या दिवशी आबांनी मला नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. नुसता हात पुढे केला. हात मिळवायचा असेल असं समजून मीही हात पुढे केला, तर त्यांनी माझ्या बोटांतली स्कूटरची किल्ली काढून घेतली. नाकाशी धरली. मग खिडकीपाशी जाऊन तिचे दाते पाहिले आणि म्हणाले, "डुप्लिकेट आहे. मूळची कुठे हरवली?"

"भुसावळला," मी म्हणालो.

"माई, चहा टाक," त्यांनी आत वळून बायकोला सांगितलं. "माणूस खरं बोलतो."

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी पुढे नऊ वर्षं राहिलो. कॉलेजात इतिहास शिकवायचो, त्यामुळे आबा मला 'प्राध्यापक' म्हणत. या शब्दात आदर किती आणि टिंगल किती, हे त्या नऊ वर्षांत मला ठरवता आलं नाही. त्यांच्याबाबतीत मला फारसं काहीच ठरवता आलं नाही. हे लिहायला बसलो ते त्यामुळेच.

आबा धुळ्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर जळगावला आले आणि युद्धातले खंजीर गोळा करू लागले. खंजीरच. त्याला कुणी कट्यार म्हटलं की ते हातातला चहा खाली ठेवत. "कट्यार मुठीत आडवी धरतात. कट्यार वेगळी, खंजीर वेगळा, संगीन वेगळी. मराठीच्या पुस्तकांनी सगळ्यांचं भरीत केलंय." भरीत हा जळगावात गंभीर शब्द आहे; तो ते चिडल्यावरच वापरत.

बैठकीच्या खोलीत लोखंडाची दोन कपाटं होती. डावीकडच्या कपाटात खरे खंजीर: एकूण तीन. उजवीकडच्या कपाटात नकली, आणि ते कपाट खालपासून वरपर्यंत भरलेलं. पाहुणा आला की आबा डावं कपाट अर्धा मिनिट उघडत आणि लगेच लावून टाकत. उजव्या कपाटापाशी मात्र तास जाई. "हा बघा. मिठाच्या पाण्यात आठ दिवस, मग लिंबू. गंज सगळीकडे सारखा बसलाय. खरा गंज आळशी असतो, जिथं ओल मिळाली तिथंच बसतो. हा दुसरा. शेणाच्या खड्ड्यात पुरलाय, वास घ्या." पाहुणा वास घेई. "आणि याच्यावरची अक्षरं बघा. ठोकलेली नाहीत, कोरलेली आहेत. सैन्याला अक्षरं कोरत बसायला वेळ असतो का?"

पाहुणे गोंधळून बाहेर पडत. संग्राहकाकडे आलो होतो की भेसळ खात्यात, हे त्यांना कळत नसे. एकदा मी विचारलं, "आबा, नकली माल एवढ्या प्रेमानं का जपता?"

"खरा खंजीर कारखान्यात बनतो, प्राध्यापक. एका साच्यातून हजार. खोटा बनवायला माणूस लागतो."

"आणि हे तीन खरे?"

"दोन खरे. तिसऱ्याचा मला संशय आहे."

लोक व्हॉट्सॲपवर त्यांना फोटो पाठवत आणि खरा की खोटा ते विचारत. त्यांचं उत्तर ठरलेलं असे: 'फोटोला वास येत नाही.' खंजीर बोलत नाही, मालक बोलतो. म्हणून मालकाचं ऐकायचं नाही आणि कानशीची रेघ वाचायची, हा त्यांचा नियम होता. लोखंडावर कानस फिरली की बारीक रेघा उठतात, आणि आबांच्या मते त्या हस्ताक्षरासारख्या असतात. "कानशीची रेघ खोटं बोलत नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की परीक्षेच्या वर्गात देखरेख करतानाही ते आठवायचं.

हे सगळं मला थोतांड वाटे. मग एकदा त्यांच्याबरोबर धुळ्याला गेलो. एका भंगारवाल्याकडे जर्मन अधिकाऱ्याचा खंजीर आला होता. पांढरी मूठ, काळं म्यान, मूठ आणि पात्याच्या मधल्या आडपट्टीवर गरुड. भंगारवाल्यानं तो जुन्या लाल मखमलीत ठेवला होता आणि आम्हाला बसायला स्टूल दिलं होतं. आबांनी खंजीर उचलला, आडपट्टीच्या आतल्या कडेवर अंगठा फिरवला आणि हसायला लागले.

"काय झालं सर? जर्मनीचा माल आहे."

"जर्मनीचा नाही. माझ्या दुसऱ्या बॅचचा आहे."

भंगारवाल्याला काही समजलं नाही, मलाही नाही. आबांनी खंजीर विकत घेतला, मला रिक्षात घातलं आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये नेलं. पन्नाशीचा एक माणूस गेटचं जाळीकाम करत होता. आबांना बघून त्यानं कपाळावर चढवलेला चष्मा काढला आणि पाया पडला.

"तुझी कानस अजून डावीकडे झुकते," आबा म्हणाले.

त्यानं खंजीर ओळखला आणि मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "सर, गिऱ्हाइकाला कुठं कळतं?"

"मला कळलं ना."

"तुम्ही गिऱ्हाईक नव्हे सर, तुम्ही तर मास्तर!" आणि थोडं थांबून, "तुम्हाला हवाच असेल तर नवीन करून देतो. सरळ कानशीचा."

"नको. हाच ठेवतो," आबा म्हणाले. जळगावला येईपर्यंत ते एसटीत इतके खूश होते, जणू एखाद्या विद्यार्थ्याचा नंबर आला होता. त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यावर माझा विश्वास बसला. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढची सगळी पंचाईत त्या विश्वासातून निघते.

एक सवय सांगायची राहिली. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपल्याकडे घरातली हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांना हळदकुंकू वाहतात. विळा, कोयता, कुऱ्हाड, शिलाईचं मशीन, हल्ली ट्रॅक्टरही. आबा त्या दिवशी दोन्ही कपाटांना कुलूप लावून किल्ली कमरेला खोचत. जुन्या लोखंडाला पाणी लागता कामा नये, कुंकू तर नकोच. माई बिचाऱ्या कुलपालाच कुंकू लावून मोकळ्या होत. त्या धुळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलत. आबा शुद्ध बोलत, चिडले की तेही अहिराणीवर येत.

एका वर्षी उन्हाळ्यात पारोळ्याजवळच्या एका गावाचे सरपंच जीप घेऊन आले. गावातून जे लोक दुसऱ्या महायुद्धात समुद्रापार गेले, त्यांच्या नावांचा दगड ग्रामपंचायतीपुढे बसवायचा होता. अनावरण दसऱ्याला. दोन नावं पक्की होती. एका घरात कागद होते, दुसऱ्या घरात पदक. तिसऱ्या नावावर वाद होता. त्या माणसाचे कागद वाळवीनं खाल्ले होते. मागे उरली होती त्यानं आणलेली एक सुरी आणि पंचाहत्तरी ओलांडलेली त्याची मुलगी. तिला गाव अक्का म्हणे. गावात काही जण म्हणत की अक्काचा बाप मुंबईच्या पुढे गेलाच नाही. गोदीत चार वर्षं हमाली केली आणि गावात येऊन इटलीच्या गोष्टी सांगितल्या. तो होता तोवर हे तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तो गेल्यावर सगळ्यांना छाती आली.

"तुम्ही सांगाल ते शेवटचं, सर," सरपंच म्हणाले. "सुरी खरी तर नाव दगडावर."

आता विचार केला तर यातली गफलत कुणालाही दिसावी. खरी सुरी गोदीत विकतही मिळाली असती, आणि खरा सैनिक रिकाम्या हातानंही परत येतो. पण दगडासाठी नेमलेल्या गावच्या समितीला हे सुचलं नाही, आबांना सुचलं नाही, आणि इतिहास शिकवणाऱ्या मलाही सुचलं नाही. आम्ही सगळे त्या सुरीकडे बघत होतो.

गावात गेलो तर मांडव होता. फ्लेक्स होता, त्यावर आबांचा आयटीआयच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता आणि खाली 'सुप्रसिद्ध शस्त्रतज्ज्ञ' असं छापलं होतं. शाल, नारळ, प्रास्ताविक. प्रास्ताविकात शिवकालापासून सुरुवात झाली; महायुद्धापर्यंत यायला चाळीस मिनिटं लागली. मग अक्का स्टेजवर आल्या. बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर. त्यांनी तांबड्या फडक्याची गाठ सोडली आणि सुरी आबांच्या हातात दिली.

पातं आरशासारखं लखलखत होतं. गंजाचा ठिपका नाही. शिक्का नाही, अक्षर नाही, आकडा नाही. धार इतक्या वेळा लावलेली की पात्याची कंबर बारीक झाली होती. मूठ बाभळीच्या लाकडाची, गावच्या सुतारानं बसवलेली, तिला तीन रिव्हेट. आबांनी भिंग लावलं, वास घेतला. सरपंचांनी माईक त्यांच्या तोंडाशी धरला.

"नकली," आबा म्हणाले.

कर्णा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर होता. तो शब्द सगळ्या गावाला ऐकू गेला, शेतापर्यंत गेला असावा. मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं. अक्कांनी सुरी परत घेतली, फडक्यात गुंडाळली, गाठ मारली. मग आबांकडे बघून म्हणाल्या, "सुरी नकली शे तं ऱ्हाऊ द्या. मना बापले नकली नका म्हनू."

माईक अजून चालू होता. तेही सगळ्या गावानं ऐकलं.

परतताना जीपमध्ये आबा भिंग पुसत बसले. माझ्या लक्षात आलं की त्यांनी सुरी मागितली नव्हती. नकली वस्तू दिसली की ते कपाटासाठी हट्टानं मागून घेत; ही मागितली नाही. मी तसं म्हटलं.

"घासून घासून तिच्यात काही वाचायला ठेवलंच नाही," ते म्हणाले. "रेघच नाही. ना खरी, ना खोटी."

"मग नकली कसं म्हणालात?"

"माईक पुढे आला," ते म्हणाले, आणि पारोळ्याचा किल्ला मागे पडेपर्यंत बाहेर बघत राहिले.

पुढचे काही महिने त्यांनी फोटोंना उत्तरं दिली नाहीत. उजवं कपाट उघडत, बघत, लावत. माई मला म्हणाल्या, "जेवता जेवता थांबतस. काय व्हयनं, काय माहीत."

खंडेनवमी आली. सकाळी मी पाणी भरायला खाली उतरलो तर माई अंगणात विळ्या-कोयत्यांना चिंचेचा कोळ आणि राख लावून घासत होत्या. काळा पडलेला विळा बघता बघता पांढरा झाला. आबा पायरीवर किल्ली कमरेला खोचून बसले होते आणि टक लावून बघत होते.

"एवढं घासतात?" त्यांनी विचारलं. जन्म खान्देशात गेलेला माणूस हे विचारत होता.

माईंनी हात न थांबवता उत्तर दिलं, "तुमनं कपाट सोडीसन बठ्ठा खान्देशमा हत्यारं घासतस."

आबा उठून उभे राहिले. "दरवर्षी?"

"नई तं काय, दर बारा वर्षले?"

"लढाई संपून पंचाहत्तर वर्षं. पंचाहत्तर चिंचा," आबा म्हणाले. स्वतःशीच. "पंचाहत्तर चिंचा आणि पंचाहत्तर वेळा दगडावर धार. कोणता शिक्का राहील?" मग माझ्याकडे वळून जवळजवळ ओरडले, "प्राध्यापक, चप्पल घाला!"

त्यांनी पिशवीत छिन्नी, हातोडी, कानस, तीन नवे रिव्हेट आणि भिंग टाकलं. एसटीत मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आबा, शिक्का का नाही याचं कारण सापडलं. पण शिक्का होता, हे कुठं सिद्ध होतं?"

"तुम्ही खिडकीतून बाहेर बघा," आबा म्हणाले. मी बघितलं. कपाशी होती.

अक्कांच्या अंगणात पाट मांडला होता. विळे, कोयता, वखराची लोखंडी पास, नातसुनेचं शिलाई मशीन, नातवाचा लॅपटॉपसुद्धा, सगळ्यांवर हळदकुंकू. ट्रॅक्टरला झेंडूची माळ. सुरी नव्हती.

"सुरी कुठंय अक्का?"

"घरमा शे. सून भेंडी चिरी ऱ्हायनी," अक्का म्हणाल्या. "नकली सुरी शे ना, मंग भाजीले चालस."

आबा तिथंच खाटेवर बसले. त्यांचा तसा चेहरा मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मग त्यांनी सुरी मागवून घेतली. भेंडीचा चिकटपणा धोतराच्या टोकानं पुसला आणि विचारलं, "मूठ उघडू का? आत पात्याचं शेपूट असतं. तिथं चिंच पोचत नाही."

"उघडा. आते काय बिगडनार शे?"

तोवर सरपंच आले, दहापाच माणसं जमली. आबांनी तिन्ही रिव्हेट छिन्नीनं उडवले. लाकडाच्या दोन फाका अलग झाल्या. आत लोखंड दिसलंच नाही. कुंकवाचा थर होता, वर्षावर वर्षं ओघळून आत बसलेला, विटेसारखा घट्ट. आबांनी तो नखानं खरवडला, वास घेतला. भिंग डोळ्याला लावून उन्हाकडे तोंड केलं. कुठंतरी उद्याच्या कार्यक्रमाचा माईकवाला 'हॅलो, हॅलो, चेक' करत होता.

बराच वेळ गेला. मला त्यांच्या पाठीमागून फक्त टक्कल आणि कान दिसत होते.

"आहे," आबा म्हणाले.

"काय आहे सर?" सरपंच पुढे वाकले.

"शिक्का." एवढं बोलेपर्यंत त्यांनी लाकडाच्या फाका पुन्हा बसवल्याही होत्या. मी म्हणालो, "आबा, मला बघू दे."

"तुम्हाला किल्लीतलं तरी कळतं का?" ते म्हणाले आणि रिव्हेट ठोकायला लागले. जुन्या वस्तूवर हातोडी उचलणाऱ्याला त्यांनी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी तिन्ही रिव्हेट असे ठोकले की लाकूड फोडल्याशिवाय ती मूठ पुन्हा उघडणार नाही. मग कानशीनं डोकी सपाट केली.

सरपंच म्हणाले, "बरं झालं सर, मी समितीला सांगतो."

"तुम्ही नाही. माईक कुठंय?"

"असू द्या सर, कशाला..."

"'नकली' हे माईकवर म्हणालो होतो. आता माईकशिवाय चालनार नई!"

त्यांनी ग्रामपंचायतीपुढे जाऊन 'हॅलो चेक' करणाऱ्याच्या हातातला माईक काढून घेतला. "सुरी खरी शे," ते म्हणाले. "मी चुकलो." एवढंच. शिवकाल नाही, प्रास्ताविक नाही. पाथरवटानं संध्याकाळपर्यंत तिसरं नाव कोरलं. त्याच्यापुरती जागा दगडावर होतीच, समितीलाही बहुधा खात्री नव्हती. आबांना वाटलं असावं की अक्का रडतील किंवा हात जोडतील. अक्का सुरीवर कुंकू लावत म्हणाल्या, "माले ते पहिलेच माहीत व्हतं. तुमले आज समजनं."

घरी येताना मी तीनदा विचारलं. शिक्का कसला होता? आकडा की अक्षर? कोणत्या देशाचा? पहिल्यांदा ते म्हणाले, झिजलेला होता. दुसऱ्यांदा म्हणाले, जर्मन असावा. तिसऱ्यांदा झोपले, किंवा झोपल्याचं सोंग केलं. दोन्हीत घोरण्याचा आवाज सारखाच होता.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी आपणहून किल्ली माईंच्या हातात दिली. माईंनी दोन्ही कपाटं रिकामी केली आणि दुपारपर्यंत सगळे खंजीर चिंचेनं घासले. अंगणात एका ओळीत मांडले तेव्हा सगळे सारखेच चमकत होते. धुळ्याच्या शिष्याचा कुठला आणि डाव्या कपाटातले कुठले, मला ओळखता येईना. आबा ते हाताला येतील तसे, येतील त्या कपाटात ठेवत होते.

"आबा, आता खरे कुठले?"

"वास घ्या," ते म्हणाले. मी घेतला. चिंचेचा होता.

गेल्या वर्षी आबा गेले. दिवसकार्य झाल्यावर माई म्हणाल्या, त्या गावच्या अक्काला कळवायला पाहिजे, फोनवर नको. आबांचं भिंग त्यांनी माझ्या हातात ठेवलं. का, ते सांगितलं नाही. मी पारोळ्याची गाडी पकडली.

अक्का आता खाटेवरच असतात. आबा गेल्याचं ऐकून त्यांनी पदर तोंडाशी धरला. थोड्या वेळानं उशीखालून तांबडं फडकं काढलं. गावात पुन्हा सुरू झालं होतं, त्या म्हणाल्या. शिक्का दिसला तो एकट्या मास्तराला. आता मास्तरही गेला. मग दगडावरचं नाव कशाच्या भरवशावर? नातवाला चौकात कुणीतरी हे तोंडावर म्हटलं होतं.

मी सुरी हातात घेतली आणि सवय नसताना भिंग डोळ्याला लावलं. बघण्यासारखे फक्त ते तीन रिव्हेट होते. दोन रिव्हेटांच्या डोक्यांवर कानशीच्या रेघा सरळ, एकाशेजारी एक, वहीत आखल्यासारख्या. तिसऱ्यावर रेघा थरथरल्या होत्या, एकमेकींना छेदून गेल्या होत्या. उन्हात बसून हात थकला असेल. वय झालं होतं. किंवा आणखी काही असेल. कानशीची रेघ खोटं बोलत नाही, हे त्यांनी मला शेकडो वेळा सांगितलं. ती वाचायची कशी, हे काही शिकवलं नाही.

"भाऊ," अक्का म्हणाल्या, "तुम्ही तठे व्हतात. शिक्का दखा व्हता ना तुम्ही?"

दारात नातू उभा होता. तोही माझ्याकडे बघत होता.

मी भिंग खिशात ठेवलं.

"दखा व्हता, अक्का," मी म्हणालो.